माधुरीला परत आणण्याआधी पोलेपोलेची गोष्ट ऐका

मा. वनमंत्री, महाराष्ट्र राज्य यांस,
स. न. वि. वि.

नांदणीच्या जैन मठातल्या माधुरी हत्तिणीला गुजरातेत जामनगरच्या ‘वनतारा’ प्राणी केंद्रातून परत आणा, अशा निवेदनांचा आपल्या टेबलावर ढीग पडला असेल. कोल्हापूरकरांच्या भावना मी पुन्हा सांगत नाही. 3 ऑगस्ट 2025 ला नांदणीहून कोल्हापुरापर्यंत मूक चालत आलेल्या हजारो माणसांनी त्या पोहोचवल्या आहेत. मला एका इंग्रज नटीबद्दल बोलायचंय. मूकपट काढणाऱ्या बाबूराव पेंटरांच्या गावचा माणूस, सिनेमातून बोलणारच.

व्हर्जिनिया मॅकेना, जन्म 1931, लंडन. चांगली नावाजलेली अभिनेत्री. 1966 च्या ‘बॉर्न फ्री’मध्ये ती सिंहिणीला जंगलात परत सोडणारी बाई झाली, तिचा नवरा बिल ट्रॅव्हर्स पडद्यावरही नवराच होता. चित्रीकरण केनियात, खऱ्या सिंहांसोबत. काम संपलं आणि त्यातले बहुतेक सिंह प्राणिसंग्रहालयांत गेले. जेमतेम तिघांना जंगल मिळालं. पडद्यावर स्वातंत्र्य आणि पडद्यामागे पिंजरा, हे त्या नवरा-बायकोला चांगलंच लागलं.

पण खरा चटका पुढचा. केनियात त्यांच्या दुसऱ्या एका चित्रपटात पोलेपोले नावाचं हत्तिणीचं पिल्लू होतं. ते केनिया सरकारकडून लंडनच्या प्राणिसंग्रहालयाला भेट जायचं होतं. दोघांनी विकत मागितलं. उत्तर मिळालं, ठीक आहे, मग भेटीसाठी दुसरं पिल्लू पकडू. एकाला सोडवायला दुसऱ्याला अडकवायचं त्यांच्या मनाला पटेना, पोलेपोले लंडनला गेली. 1982 मध्ये दोघं भेटायला गेले, नावानं हाक मारली, तिनं सोंड पुढे केली. पुढच्या वर्षी तिला दुसऱ्या जागी हलवायचं ठरलं. त्यासाठीच्या पिंजऱ्यात ती तासन्‌तास उभी राहिली आणि कोसळली. पाय दुखावला, अखेर तिला दयामरण दिलं. ऐन तारुण्यातली हत्तीण.

1984 मध्ये बाईंनी नवरा आणि मुलाला घेऊन बंदिस्त प्राण्यांसाठी संस्था काढली. तीच पुढे बॉर्न फ्री फाउंडेशन झाली. 2001 मध्ये लंडनच्या त्या संग्रहालयानं आपले हत्ती शहराबाहेरच्या मोठ्या जागेत हलवले. 2023 च्या सन्मान यादीत बाईंना ‘डेम’ हा ब्रिटनचा मानाचा किताब मिळाला. पोलेपोलेला त्याचा काय उपयोग, असं वाटतंच.

आता माधुरी. तिला मठातून हलवण्याचा उच्च न्यायालयाचा आदेश 16 जुलै 2025 चा, 28 जुलैला सर्वोच्च न्यायालयानं तो कायम ठेवला आणि ती जामनगरला गेली. तिकडून तिला परत आणायचं म्हणजे हजार किलोमीटरहून जास्त अंतर, ट्रकमध्ये उभ्यानं. तिच्या पायांच्या दुखण्याचा मुद्दा कोर्टातही निघाला होता. आंदोलनाच्या रेट्यात किंवा निवडणुकीच्या तोंडावर तिला गाडीत चढवू नका. ती प्रवास सोसेल की नाही, हे हत्तींचं काम केलेल्या आणि दोन्ही बाजूंशी देणंघेणं नसलेल्या डॉक्टरांनी लिहून द्यावं.

आणखी एक बोलतो. यानंतर गल्लीत मला दोन दिवस चहा मिळणार नाही. मठानं तिच्यावर माया केली, यात शंका नाही. पण हत्तीण कळपाचा जीव आहे आणि माधुरीनं तीन दशकांहून जास्त काळ माणसांतच काढला. नांदणीत तिच्यासाठी हत्ती केंद्र उभारायचंच असेल तर सोबतीला हत्तिणी हव्यात, पायाखाली माती हवी, डुंबायला पाणी हवं, साखळी नको, मिरवणूक तर नकोच. एवढं जमणार नसेल तर ती आहे तिथेच राहू दे. आम्ही कोल्हापूरकर इथूनच तिची खुशाली विचारत राहू.

आजरा-चंदगडच्या उसात शिरणाऱ्या रानटी हत्तींवर वेगळं लिहीन, तो विषय चार ओळींचा नाही.

तूर्त एकच मागणी. तिला आणण्याची तारीख सांगण्याआधी डॉक्टरांचा अहवाल मराठीत जाहीर करा. नांदणी ग्रामपंचायतीच्या फलकावर लावलात तरी चालेल, आम्ही तिथं येऊन वाचू.

आपला,
एक कोल्हापूरकर