फुकटचा व्यायाम आहे हो मुंबईत, पण पत्ता कोण सांगणार?

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

जानेवारी आला की पेपरात जिमच्या जाहिराती सुरू होतात, वर्षाचे पैसे एकदम भरा तीन महिने फ्री वगैरे, आणि आतल्या पानावर डॉक्टरांचा लेख असतो की रोज अर्धा तास चाला. या दोन्हीच्या मधली एक गोष्ट कायम राहून जाते. मुंबईत एक पैसा न देता, चार लोकांबरोबर, कुणीतरी शिकवणारं असताना व्यायाम करता येतो आणि तो बऱ्याच ठिकाणी चालतो, फक्त कुठे आणि किती वाजता हे कळायची काही सोय नाही. पत्र लांबलंय, कापायचं तर कापा, पण शेवटची मागणी तेवढी ठेवा.

मी विक्रोळीला राहते, कन्नमवार नगरात. वय पन्नाशीकडे, शुगर बॉर्डरवर. डॉक्टर म्हणाले एकटीनं होत नसेल तर ग्रुप शोधा, लोकांच्या लाजेनं तरी उठाल. बरं, शोधते. लेकीनं इन्स्टावर बघून दिले, ढिगानं निघाले रनिंग क्लब, पण सगळे बांद्रा, वरळी, मरीन ड्राइव्ह, फार तर पवई. सगळं इंग्लिशमधे, फोटोत सगळी पंचविशी-तिशीची मुलं आणि पळून झालं की सगळ्यांनी मिळून कॉफी. पळणं फुकट आहे, खरंच फुकट आहे, पण त्या एका कॉफीच्या पैशात आमच्याकडे आठवड्याची भाजी येते.

त्यांना नावं ठेवायला हे लिहीत नाहीये. मुंबई रोड रनर्स हा ग्रुप बघा, स्वतःच्या हौसेनं वेळ देणाऱ्या लोकांनी चालवलेला. महिन्याच्या पहिल्या रविवारची त्यांची बांद्रा ते एनसीपीए (नरिमन पॉइंटचं नाट्यगृह) रन पळणाऱ्या मंडळींमधे चांगली प्रसिद्ध आहे, जवळपास हाफ मॅरेथॉनएवढं म्हणजे एकवीसेक किलोमीटर अंतर, वाटेत जिथून जमेल तिथून लोक सामील होतात. जानेवारीतली मुंबई मॅरेथॉन २००४ ला सुरू झाली आणि तेव्हापासून बघता बघता या शहराला पळायचं वेडच लागलं, आणि त्यातलं बरंचसं अशा लोकांनी फुकट वाढवलेलं आहे हे मान्यच. पण विक्रोळीवरून पहाटे बांद्र्याला जायचं म्हणजे पहिल्या-दुसऱ्या लोकलनं दादर, दादरला ब्रिज चढून वेस्टर्नला, आणि येताना रविवारचा मेगाब्लॉक. व्यायाम तिथेच होतो खरं तर.

आता गंमत ऐका. आमच्याच नगरातल्या एका मैदानावर रोज सकाळी सहाला योगाचा वर्ग भरतो. एक रिटायर्ड बाई घेतात, एक रुपया घेत नाहीत, चटई आपली आपण न्यायची. मी वर्षानुवर्षं त्याच मैदानाच्या कडेनं बसस्टॉपला जाते पण मी जाते साडेसातला आणि वर्ग सुटतो सातला, त्यामुळे मला तिथे फक्त क्रिकेट खेळणारी पोरं दिसायची. वर्गाचं कळलं भाजीवालीकडून. ती स्वतः जाते, मग मार्केटला. बाईंचं इन्स्टा नाही, बोर्ड नाही, व्हॉट्सअॅप ग्रुप आहे पण त्यात शिरायला आधी ग्रुपमधलं कुणीतरी ओळखीचं लागतं. म्हणजे फोनवर शोधलं तर पंधरा किलोमीटरवरचं सापडतं आणि घराच्या मागचं सापडत नाही.

आणि हे आमच्याकडेच आहे असं नाही. हास्यक्लब आठवा. डॉ. मदन कटारियांनी मार्च १९९५ मधे अंधेरीच्या लोखंडवालातल्या बागेत पाच जणांना घेऊन पहिला सुरू केला, आधी विनोद सांगायचे, थोड्याच दिवसांत विनोद संपले मग विनोदाशिवायच हसायला लागले, आणि आज जगभरात ते चालतात. मुंबईत सुरू झालेली फुकट गोष्ट आहे ती, तरी तुमच्या घराजवळचा हास्यक्लब कुठल्या बागेत भरतो असं दहा जणांना विचारून बघा. हसण्याचा आवाज कानावर आला तर कळतं, नाहीतर नाही.

महापालिकेचं तसंच. २०२२ मधे पालिकेनं शिव योग केंद्रं सुरू केली. कल्पना इतकी चांगली की ठराविक संख्येनं नागरिक एकत्र आले, जागा बघितली की शिकवणारा पालिका देणार, लोकांना खर्च नाही. मी ऑफिसात, बिल्डिंगमधे, महिला मंडळात सगळीकडे विचारलं, बहुतेकींनी नावही ऐकलं नव्हतं. उद्घाटनाचे फोटो सगळ्यांनी बघितलेले असतात, पुढे त्याचा फॉर्म कुठे मिळतो हे कोण सांगणार? बागांमधलं ओपन जिम पण त्यातलंच, मशीन बसवतात, वर नगरसेवकाचं नाव मोठ्या अक्षरात, पण कुठल्या मशीनवर गुडघा दुखणाऱ्यानं बसायचं नाही हे कुठेच लिहिलेलं नसतं, मग त्यावर पोरं झोके घेतात आणि आज्या वाळवणासारख्या ओढण्या टाकून गप्पा मारतात.

जागतिक आरोग्य संघटना म्हणते मोठ्या माणसानं आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम करावा. म्हणजे पाच दिवस अर्धा-अर्धा तास, फार काही नाही. तरीही लॅन्सेट ग्लोबल हेल्थमधे २०२४ ला जो अभ्यास आला त्यात २०२२ साली भारतातली जवळपास निम्मी मोठी माणसं तेवढंही करत नव्हती, पुरुष ४२ टक्के आणि बायका ५७ टक्के. बायकांचा आकडा वाचून लोक म्हणतात आळशी. अहो आळशी कसल्या, पहाटे पाणी भरण्यापासून रात्री ओटा पुसेपर्यंत उभ्याच असतात, पण स्वतःसाठी अर्धा तास मागायचा म्हटलं की घरात आधी विचारतात कुठे, कुणाबरोबर, किती वाजता येणार आणि पैसे किती. याची उत्तरं छापून आलेली दाखवता आली तर घरातून निघणं किती सोपं होईल. खोटं वाटेल पण पेपरात आलंय म्हटलं की आमच्या सासूबाई अजून मानतात.

फुकट म्हणून सगळंच फुकट नसतं हेही लिहायला हवं. काही बागांमधे सकाळी मोफत फिटनेस कॅम्प असतो, झुंबा असतो, गाणी लावलेली, मजा येते, मग चौथ्या दिवशी वजनकाट्यावर उभं करतात, शरीराचं वय काढतात (ते कायम खऱ्या वयापेक्षा जास्तच निघतं!) आणि पावडरचा डबा पुढे येतो. महिन्याचे हजारो. न घेणाऱ्या बाईला मग हळूहळू मागच्या रांगेत ढकलतात, बोलणं कमी होतं, ती आपोआप यायची बंद होते. आमच्या शेजारणीनं मंगळसूत्राची भिशी मोडून डबे घेतले आहेत. दुसरा प्रकार म्हणजे पहिला क्लास फ्री, त्यासाठी फोन नंबर, मेल, जन्मतारीख सगळं भरून द्या आणि पुढे सहा महिने फोन झेला. खऱ्या ग्रुपची खूण साधी आहे, तिथे नवीन माणसाला आधी विचारतात की बीपी-शुगर आहे का, गुडघ्याचा त्रास आहे का. विकायला बसलेला आधी वजन विचारतो.

पैसे घेणाऱ्या कोचबद्दल माझं काही म्हणणं नाही. पूर्ण मॅरेथॉन पळायची असेल, किंवा दुखापतीतून उठला असाल तर शिकलेला माणूस हवाच आणि त्याला त्याचे पैसे मिळायलाच हवेत. पण सुरुवात करणाऱ्याला कोच नको असतो, सोबत हवी असते. पहिल्या दिवशी कुणी तुमचा पेस काय, म्हणजे एक किलोमीटर किती मिनिटांत पळता, विचारलं की आमच्यासारखी बाई दुसऱ्या दिवशी येत नाही. चांगल्या ग्रुपमधे सांगतात दोन मिनिटं पळा, एक मिनिट चाला, बोलता येईल इतकंच पळा, धाप लागून बोलणं थांबलं तर तुम्ही जोरात पळताय. एवढ्या सल्ल्यावर कितीतरी जणी साडीवरून ट्रॅकपँटवर आलेल्या मी बघितल्यात.

एकत्र पळण्यात सुरक्षितपणा पण आहे. मार्च २०२३ मधे वरळी सी-फेसवर सकाळी पळणाऱ्या एका महिलेला भरधाव गाडीनं उडवलं, त्यात त्या गेल्या, त्या चांगल्या सरावाच्या धावपटू होत्या. त्याच्या एक वर्ष आधी, मार्च २०२२ मधे मुंबई पोलिसांनी संडे स्ट्रीट्स सुरू केले होते, रविवारी सकाळी काही रस्ते गाड्यांना बंद, माणसांना मोकळे. मरीन ड्राइव्ह होताच पण पहिल्या यादीत मुलुंडचा तानसा पाइपलाइनचा रस्ता आणि आमच्या विक्रोळीचा हायवेवरचा तुकडापण होता! सुरुवातीला बातम्याच बातम्या, पोरं स्केटिंग करतायत, आजोबा बॅडमिंटन खेळतायत. नंतर कुठला रस्ता कुठल्या रविवारी बंद हे शेजारच्या बिल्डिंगला विचारलं तरी कुणी सांगू शकेना. रस्ता मोकळा आहे हेच माहीत नसेल तर त्यावर येणार कोण, आणि कुणी येत नाही म्हणून असं काही बंद केलं की आपण म्हणणार लोकांनाच नको होतं.

माझी भाची लेस्टरला असते. तिकडे दर शनिवारी सकाळी नऊला बागेत पार्करन नावाचा प्रकार असतो, पाच किलोमीटर, पळा नाहीतर चाला, फुकट. २००४ मधे लंडनच्या बुशी पार्कात तेरा पळणाऱ्यांना घेऊन सुरू झालं आणि आता कितीतरी देशांत आहे. एकदाच नाव नोंदवायचं, एक बारकोड मिळतो, तो कुठल्याही गावच्या पार्करनला चालतो. शेवटच्या माणसाच्याही मागे एक स्वयंसेवक चालत असतो, म्हणजे शेवटी राहायची भीती कुणालाच नाही, हे मला भारी आवडलं. पण भाचीला विचारलं तू पहिल्यांदा कशी गेलीस तर म्हणाली काय नाय गं मावशी, नकाशावर बघितलं, घराजवळची बाग निवडली, गेले. ओळख लागली नाही, कुणाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपात शिरावं लागलं नाही. आपल्याकडे शिकवणारे आहेत, मैदानं थोडी का होईना आहेत, सकाळी पाचला उठणारी माणसं तर लाखांनी आहेत. एका जागी लिहिलेली यादी तेवढी नाही.

म्हणून मागणी तुमच्याकडे आहे, पालिकेकडे नंतर. पूर्वी पेपरात "आजचे कार्यक्रम" असा कॉलम यायचा, कुठे व्याख्यान, कुठे कीर्तन, कुठे नाटक, माझे वडील पेन घेऊन खुणा करत बसायचे. तसा आठवड्यातून एकदा, शनिवारी म्हणजे रविवारी जाता येईल, स्थानिक पानावर एक चौकोन द्या. भाग, मैदानाचं किंवा बागेचं नाव आणि कुठलं गेट, वार, वेळ, काय शिकवतात, आणि बायका-म्हाताऱ्यांना चालेल का. योग, हास्यक्लब, रनिंग, चालण्याचे ग्रुप, फुकट मल्लखांब-लेझीम कुणी शिकवत असेल तर तेही. एका शनिवारी पूर्व उपनगर, पुढच्या शनिवारी पश्चिम, मग शहर, मग ठाणे-डोंबिवली, कारण सकाळी पळणारा माणूस काही मुलुंडच्या टोलनाक्यावर संपत नाही.

अडचण मला माहितीये. फुकट ग्रुप हे एका माणसावर चाललेले असतात. स्पीकर त्यांच्या घरी, वेळेवर येणारे ते एकटेच. त्यांची बदली झाली, मुलाकडे पुण्याला गेले, गुडघ्याचं ऑपरेशन झालं की ग्रुप बंद, आणि छापलेल्या पत्त्यावर नवीन माणूस पहाटे सहाला जाऊन रिकाम्या मैदानात उभा. तो परत कधीच येणार नाही. म्हणून ग्रुप चालवणाऱ्यांनी दर महिन्याला एक मेसेज पाठवायचा की चालू आहे, नाही आला तर नाव काढून टाका, दयामाया नको. आणि काहीही विकणाऱ्याला, पावडर असो की बूट की विमा, त्या चौकोनात जागा नाही, त्यांनी जाहिरातीचे पैसे भरावेत, तुमचंही भलं होईल.

पालिकेला सांगायचं ते थोडंच आहे. प्रत्येक बागेच्या गेटवर नियमांचा भलामोठा बोर्ड असतोच, हे करू नका ते करू नका, त्याच्याच खाली दोन ओळी इथे सकाळी काय चालतं ते मराठीत लिहा. आणि बायकांचं टॉयलेट वर्ग भरतो त्या वेळेला उघडं ठेवा. कितीतरी जणी फक्त त्या एका कारणानं येत नाहीत, बोलत नाहीत एवढंच.

भांडुप, कांजूर, विक्रोळी, घाटकोपर या पट्ट्यातले वर्ग आणि ग्रुप मी स्वतः जाऊन बघून, चालवणाऱ्यांशी बोलून लिहून पाठवायला तयार आहे, आमच्या मंडळातल्या दोघीतिघी मदतीला आहेत. मानधन नको. फक्त चौकोनातली अक्षरं जरा मोठी ठेवा, सकाळी बागेत येणाऱ्या निम्म्या लोकांचा चष्मा घरीच राहिलेला असतो.

कळावे,
आपली एक नियमित वाचक
कन्नमवार नगर, विक्रोळी (पूर्व), मुंबई