इप्पोन कोणत्या खेळातला, हेही छापा

संपादक यांस,
स. न. वि. वि.

मार्शल आर्ट्सच्या स्पर्धांना क्रीडा पानावर आता बऱ्यापैकी जागा मिळू लागली आहे, ही समाधानाची बाब आहे. मात्र या बातम्यांतील पारिभाषिक शब्द इतके सरसकट वापरले जातात की, निकाल वाचूनही लढतीत नेमके काय घडले याचा उलगडा होत नाही.

‘इप्पोन’ हाच शब्द घ्या. ज्युदोत प्रतिस्पर्ध्याला जोर, वेग आणि नियंत्रण राखून पाठीवर आपटले की इप्पोन मिळतो आणि लढत तिथेच संपते. जमिनीवर २० सेकंद जखडून ठेवले, तरी निकाल तोच. जागतिक कराटे महासंघाच्या नियमांनुसार खेळल्या जाणाऱ्या कुमितेत, म्हणजे प्रत्यक्ष लढतीत, इप्पोनचे केवळ ३ गुण असतात. डोक्यावर किंवा चेहऱ्यावर नियंत्रित लाथ मारली की ते मिळतात आणि लढत पुढे चालू राहते. त्यामुळे कराटेपटू इप्पोन मिळवूनही हरू शकतो. ज्युदोपटूच्या बाबतीत असे लिहिणे म्हणजे नियमच ठाऊक नसल्याची कबुली ठरते.

श्रेण्यांबाबतचा गोंधळ तर याहून मोठा आहे. क्यू, म्हणजे ब्लॅक बेल्टच्या आधीच्या श्रेण्या, उतरत्या क्रमाने मोजतात आणि दान, म्हणजे ब्लॅक बेल्टच्या श्रेण्या, चढत्या क्रमाने. म्हणून ‘नववा क्यू’ हा नवशिक्या असतो, तर ‘नववा दान’ हा उभे आयुष्य त्या कलेत घालवलेला ज्येष्ठ. जिगोरो कानो यांनी १८८२ मध्ये ज्युदोची स्थापना केली आणि पुढच्याच वर्षी दोन शिष्यांना ‘शोदान’, म्हणजे पहिला दान, दिला. दानांची ही कल्पना ‘गो’ या पटावरील खेळातून आली होती. शोदान म्हणजे आरंभीची पायरी. ब्लॅक बेल्ट मिळाला म्हणजे मुळाक्षरे गिरवून झाली, इतकाच त्याचा अर्थ असताना बातम्यांत मात्र त्या खेळाडूला थेट ‘पारंगत’ ठरवले जाते.

शिवाय प्रत्येक आशियाई कलेला जपानी शब्द चिकटवण्याची सवयही सोडायला हवी. तायक्वांदो कोरियाचा आहे. त्याचा सराव दोजांगमध्ये चालतो, पोशाखाला दोबोक म्हणतात आणि ठरलेल्या हालचालींच्या क्रमाला पूमसे. चिनी वुशूत अशाच रचनांना ताओलू हा शब्द आहे. मुए थाईचा प्रशिक्षक ‘सेन्सेई’ नसून ‘क्रू’ असतो आणि हा क्रू आपल्या ‘गुरू’ शब्दाचेच थाई रूप आहे. सरावाच्या जागेसाठीचा जपानी ‘दोजो’ हा शब्दही मुळात संस्कृत ‘बोधिमंड’चे (बुद्धाला बोधी झाले ते स्थान) चिनी भाषांतर म्हणून घडला. हे सांगितले, तर असे शब्द मराठी वाचकाला परके वाटण्याचे कारण उरणार नाही. (सेन्सेई हे इतरांनी द्यायचे संबोधन आहे, स्वतःच्या नावामागे ते लावण्याची प्रथा जपानात नाही, हेही जाता जाता नोंदवतो.)

बातमीसोबत शब्दकोश छापावा, अशी अपेक्षा नाही. कलेचे नाव, स्पर्धाप्रकार आणि श्रेणी अचूक दिली, तरी पुरे. २०२१ मध्ये झालेल्या टोकियो ऑलिंपिकमध्ये कराटेच्या काता (ठरलेल्या हालचालींच्या क्रमाचे एकट्याने केलेले सादरीकरण) आणि कुमिते या प्रकारांसाठी स्वतंत्र पदके होती. पुरुषांच्या कातामध्ये ओकिनावाच्या र्‍यो कियुना यांनी सुवर्णपदक पटकावले, तेव्हा मॅटवर ते एकटेच होते. अशा विजयाच्या बातमीत ‘प्रतिस्पर्ध्याला लोळवले’ असा मथळा येऊ नये, एवढीच विनंती.

आपला,
एक नियमित वाचक