केपटाऊनच्या खायेलित्शा वस्तीतल्या सिसींना आभाराचं पत्र

प्रिय सिसी,

तुमचं नाव इथे लिहीत नाही; सिसी म्हणजे ताई, तेवढंच पुरे. एचआयव्हीची औषधं घेणाऱ्यांच्या तुमच्या क्लबात कोण कोण येतं याची नको तितकी चौकशी करणारे अजून आहेत. पत्र मराठीत आहे, कारण ते मुंबईच्या माझ्या माणसांनीही वाचायला हवं. तुम्हाला मी तोंडी सांगेनच.

केपटाऊनला आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशी एचआयव्हीच्या गोळ्यांची बाटली फडक्यात घट्ट गुंडाळून पर्सच्या तळाशी ठेवायच्या. टॅक्सीत गोळ्या खुळखुळल्या तर शेजारी बसलेली ओळखेल, ही धास्ती. आधीच्या एका घरात त्यांचा कप वेगळा ठेवला होता. वेगळा कप म्हणजे काय, हे मराठी माणसाला समजावून सांगावं लागत नाही. लोकांच्या नजरा चुकवता चुकवता डोस चुकायचे आणि तब्येत ढासळायची.

मग त्यांना तुम्ही भेटलात. दवाखान्यात बाकांवर ताटकळत बसलेल्या बायकांपुढे उभं राहून तुम्ही खोसा भाषेत व्हायरल लोड, म्हणजे रक्तातलं विषाणूचं प्रमाण, शिकवता, आणि सुरुवातच ‘मीही हीच गोळी घेते’ अशी करता. रोज गोळी घेऊन विषाणू तपासणीत सापडेनासा झाला आणि तसाच राहिला, की शरीरसंबंधातून जोडीदाराला लागण होत नाही, हे मावशींनी मला आमच्या ओट्याशी उभं राहून, थेट तुमच्या आवेशात सांगितलं. मध्ये बोलायची सोय नव्हती!

2001 मध्ये मुंबईच्या सिप्लाने, वर्षाला दहा हजार डॉलरच्या घरात जाणारे उपचार 350 डॉलरमध्ये द्यायची तयारी दाखवली. आम्हा मुंबईकरांना त्याचा अभिमान आहे, आणि तो रास्तच आहे. पण औषध स्वस्त झालं म्हणून माणूस ते चारचौघांत घेतो थोडाच? ती भीड इथल्या वस्त्यांनी मोडली. डिसेंबर 1998 मध्ये डरबनजवळच्या क्वामाशूत गुगू द्लामिनी यांना जमावाने मारहाण करून ठार केलं. त्यांनी आपल्याला एचआयव्ही असल्याचं जाहीर सांगितलं होतं. त्यानंतर उपचारांसाठी लढणाऱ्या ट्रीटमेंट ॲक्शन कॅम्पेन या संघटनेचे लोक छातीवर ठळक अक्षरांत ‘एचआयव्ही पॉझिटिव्ह’ लिहिलेले टी-शर्ट घालून फिरू लागले. लागण असलेले घालायचे, नसलेलेही घालायचे. आता कोणाकोणाला हेरून मारणार? 2002 मध्ये खायेलित्शात मंडेलांनीही तो अंगात घातला. इथल्या आरोग्यमंत्री बाई त्या काळात एचआयव्हीवर लसूण आणि बीट खायला सांगत होत्या, त्याबद्दल न बोललेलंच बरं.

तब्येत स्थिरावल्यावर मावशी क्लबात आल्या. वजन, दोन-चार प्रश्न, नावाची तयार पिशवी, की घरी. पूर्वी औषधासाठी अख्खा दिवस मोडायचा आणि दिवसाची मजुरी जायची. 2007 पासून खायेलित्शात चाललेल्या या क्लबांचं मोल मला त्या मजुरीवरून कळलं.

हे सगळं मावशींना विचारूनच लिहिलं आहे. पुढच्या वेळी त्या भाचीला सोबत आणणार आहेत. ती तपासणीला अजून तयार नाही, आणि मावशीचं ऐकतही नाही. तिच्याशी तुम्हीच बोला.

तुमची आभारी,
मावशी जिला ‘मॅडम’ म्हणायचं काही केल्या सोडत नाहीत, ती