आगाऊ वर्गणीची आरोग्यसेवा : नकारावर दाद कुठे मागायची?

संपादक महोदय,

वर्षाचे पैसे आधी भरा आणि मग हवे तेव्हा डॉक्टरांकडे या, अशा योजनांच्या जाहिराती आपल्या शहरांतही दिसू लागल्या आहेत. पैसे आधी घेतले की डॉक्टरांचे आर्थिक हित कशात आहे तेच बदलते, हे ग्राहकांनी समजून घ्यावे, म्हणून हे पत्र.

या पद्धतीचा मोठा अनुभव अमेरिकेचा आहे. डॉ. सिडनी गारफिल्ड यांनी १९३३ मध्ये कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात, कोलोरॅडो नदीचे पाणी नेणाऱ्या कालव्यावरील मजुरांसाठी लहानसे रुग्णालय काढले. विमा कंपन्यांकडून बिलांचे पैसे उशिरा आणि अपुरे येत असल्याने ते बंद पडण्याच्या बेतात होते. तेव्हा प्रत्येक मजुरामागे रोज पाच सेंट विमा कंपनीने आगाऊ द्यावेत असे ठरले. कामाबाहेरच्या आजारांसाठी मजूरही आपल्या पगारातून तेवढेच देऊ लागले. मग गारफिल्ड कामाच्या जागी जाऊन वर आलेले खिळे ठोकून घ्यायला सांगू लागले, कारण मजूर धडधाकट राहण्यातच आता रुग्णालयाचा फायदा होता. उद्योगपती हेन्री कायझर यांच्या साह्याने यातूनच ‘कायझर परमनेंटे’ ही आगाऊ वर्गणीवर चालणारी आरोग्यसंस्था उभी राहिली, १९४५ मध्ये ती सर्वांसाठी खुली झाली आणि १९७३ च्या कायद्याने अशा संस्थांना अमेरिकेच्या केंद्र सरकारचे पाठबळ मिळाले.

अशा योजनेत सभासद दरमहा ठरावीक हप्ता भरतो आणि यादीतून एक फॅमिली डॉक्टर निवडतो. सहसा त्यांच्या चिठ्ठीशिवाय तज्ज्ञाकडे जाता येत नाही, महागड्या तपासण्यांना व शस्त्रक्रियांना पूर्वमंजुरी लागते आणि तातडीचा प्रसंग सोडला तर यादीबाहेरच्या रुग्णालयाचा खर्च बहुधा मिळत नाही. डॉक्टरांना अनेकदा रुग्ण कितीदा आला यावर नव्हे, तर नोंदलेल्या सभासदांमागे दरडोई पैसे मिळतात. यामुळे अनावश्यक तपासण्यांना आळा बसतो, आणि आपल्याकडील रुग्णांना त्याचे मोल वेगळे सांगायला नको.

मात्र ज्या हिशेबाने खिळे ठोकले गेले, त्याच हिशेबाने आवश्यक उपचारही नाकारता येतात. १९९० च्या दशकात अमेरिकेत या योजनांविरुद्ध मोठा रोष उसळला. महागड्या उपचारांविषयी डॉक्टरांनी रुग्णाशी बोलू नये अशा अटी काही करारांत होत्या. अनेक राज्यांना त्यांवर कायद्याने बंदी घालावी लागली. पुढे २०१० च्या कायद्याने, वैद्यकीय कारणावरून दिलेल्या नकाराची फेरतपासणी योजनेबाहेरच्या स्वतंत्र तज्ज्ञांकडून करून घेण्याचा हक्क रुग्णांना देशभर मिळाला.

दरडोई मोबदला आपल्यालाही अगदीच नवा नाही. राज्य कामगार विमा योजनेतील पॅनेल डॉक्टरांची व्यवस्था याच तत्त्वावर होती. परंतु त्या योजनेमागे १९४८ चा कायदा आहे. खासगी रुग्णालयांच्या किंवा ॲपवरच्या पॅकेजमागे असे काही नसते. जे पॅकेज कायद्याने विमाच ठरत नाही, त्याची तक्रार विमा लोकपालांकडे नेता येत नाही. उरतो तो ग्राहक आयोग, आणि उपचाराची गरज असलेला रुग्ण तिथल्या तारखांवर थांबू शकत नाही.

म्हणून डॉक्टरांना मोबदला कसा दिला जातो, कोणते उपचार वगळले आहेत आणि नकार मिळाल्यास किती दिवसांत कोणता स्वतंत्र तज्ज्ञ फेरविचार करील, हे तिन्ही तपशील करारपत्राच्या पहिल्याच पानावर मराठीत छापणे राज्य सरकारने अशा प्रत्येक योजनेला बंधनकारक करावे.

– एक वाचक, ठाणे