नाइफमधला के सायलेंट का?

संपादक साहेब, नमस्कार.

आपल्या नाशिकमध्ये कॉलेज रोडला क्लासबाहेर पोरं नाइफ, नी, नॉक सगळ्यात के सायलेंट एवढंच घोकत असतात, खरंच वाईट वाटतं. अहो, हा के पूर्वी इंग्लंडात चक्क बोलला जायचा, १७व्या शतकाच्या आसपास तो उच्चारातून गेला पण स्पेलिंग छपाईमुळे आधीच बरंचसं ठरून गेलेलं, म्हणून तिथे तसाच राहिला. जर्मन लोक गुडघ्याला आजही क्नी म्हणतात, के सकट! पीएचवाले फोटो, फोन, फिजिक्स तर मूळचे ग्रीक, फोटो म्हणजे प्रकाश आणि फोन म्हणजे आवाज. एवढं सांगायला कितीसा वेळ लागतो? तुमच्या पेपरात मुलांच्या पानावर दर आठवड्याला अशी एक शब्दांची फॅमिली छापा ना प्लीज.

— एक पालक, नाशिक