पाठवल्याच नाहीत त्या फायली पुसल्या कशा? : तक्रार पत्र

प्रति,
प्रमुख, ग्राहक सेवा विभाग

विषय : वाइल्डकार्ड (फाइलच्या नावातल्या बदलत्या भागाऐवजी लिहायचे ‘*’ किंवा ‘?’ हे चिन्ह) वापरून अनेक फायली पाठवताना, न पाठवलेल्या फायलीही मूळ जागेवरून पुसल्या गेल्याबाबत

महोदय/महोदया,

आपले मॅनेज्ड फाइल ट्रान्सफर (ठरल्या वेळी फायली आपोआप पोचवणारे) सॉफ्टवेअर आम्ही तीन वर्षे वापरत आहोत. खालील प्रकाराबद्दल आपल्या सपोर्टला मी चार वेळा लिहिले. चौथ्या वेळी ‘हे अपेक्षित वर्तन आहे’ एवढे एक वाक्य लिहून तिकीट बंद करण्यात आले. कोणाला अपेक्षित, हे मात्र लिहिलेले नव्हते. म्हणून हे पत्र थेट आपल्याला.

आमचे काम साधे आहे. ४४ युनिटांतून रोज रात्री हजेरीची एकेक फाइल एका लिनक्स सर्व्हरवरच्या फोल्डरमध्ये येऊन पडते. रात्री दोनला आपल्या सॉफ्टवेअरचा जॉब (नेमून दिलेले काम) सुरू होतो, ‘हजेरी_*.सीएसव्ही’ या पॅटर्नला जुळणाऱ्या फायली एसएफटीपीने (फायली सुरक्षितपणे ने-आण करण्याच्या प्रोटोकॉलने) उचलतो आणि पगाराच्या सर्व्हरवर पोचवतो. ‘पाठवून झाल्यावर मूळ फाइल काढून टाका’ हा आपलाच पर्याय आम्ही निवडलेला आहे. बहुतेक फायली दोनच्या आत येतात, एखाददुसरी रेंगाळते. रेंगाळलेली फाइल दुसऱ्या रात्रीच्या फेरीत जाईल, असे आम्ही धरून चाललो होतो.

गेल्या महिन्याचा पगार झाला आणि तीन युनिटांतल्या लोकांचा एका दिवसाचा ओव्हरटाइम आलाच नाही. ‘आम्ही रात्रपाळी काय स्वप्नात केली का?’ असे एकाने मला तोंडावर विचारले, आणि माझ्याकडे उत्तर नव्हते. आपल्या सॉफ्टवेअरचा लॉग उघडला. त्यात पॅटर्न, सुरू झाल्याची वेळ, संपल्याची वेळ आणि ‘यशस्वी’ हा शब्द. किती फायली गेल्या, कोणत्या गेल्या, किती बाइट गेले, यांपैकी काही नाही. तीन फायली जगातून नाहीशा होतात आणि हिरवी टिकमार्क आपली जागच्या जागी.

उत्तर सापडले ते आमच्या सर्व्हरच्या लॉगमध्ये. तिथे ओपनएसएसएचचा एसएफटीपी सर्व्हर चालतो आणि तो प्रत्येक कृती लिहून ठेवतो. २:०० वाजता आपल्या जॉबने फोल्डर उघडून यादी घेतली. मग एकेक करून ४१ फायली उघडल्या, वाचल्या, बंद केल्या. प्रत्येकीसमोर वाचलेल्या बाइटची नोंद आहे. २:०६ वाजता आपल्या जॉबने तेच फोल्डर दुसऱ्यांदा उघडले. त्यानंतर फाइल काढून टाकल्याच्या नोंदी येतात, आणि त्या ४४ आहेत. जास्तीच्या तीन फायली २:०३ ते २:०५ च्या दरम्यान येऊन पडल्या होत्या. त्या वाचण्यासाठी कोणी उघडल्याची एकही नोंद नाही. आल्या आणि पुसल्या गेल्या.

म्हणजे आपले सॉफ्टवेअर पाठवताना पॅटर्न एकदा जुळवते आणि पुसताना पुन्हा नव्याने जुळवते. पॅटर्न हा फोल्डरला विचारलेला प्रश्न असतो. दोन वाजता विचारला तर ४१ नावे मिळतात, सहा मिनिटांनी विचारला तर ४४. पुसायचे असेल तर पहिल्या उत्तरातली नावे पुसा, आणि त्यांतलीही पोचल्याची खात्री झालेलीच. दोष सर्व्हरवर ढकलता येणार नाही, कारण एसएफटीपी प्रोटोकॉलला वाइल्डकार्ड ठाऊकच नसते. सर्व्हर फोल्डरमधली नावे देतो. त्यांतली कोणती जुळतात हे क्लायंट, म्हणजे आपले सॉफ्टवेअर, ठरवते. सर्व्हरने नाव घेऊन सांगितलेली फाइल काढली, इतकेच.

आता आपल्या सपोर्टचे सल्ले. पहिला, नावातली लहान-मोठी अक्षरे तपासा. न जुळणारी फाइल पुसली कशी जाईल, हा प्रश्न मी उलट विचारला. त्याला उत्तर नाही. दुसरा, स्टारऐवजी प्रश्नचिन्हे वापरून ‘हजेरी_??.सीएसव्ही’ असे लिहा. प्रश्नचिन्ह नेमक्या एका अक्षराला जुळते आणि आमचे युनिट क्रमांक दोन अंकी आहेत, तेव्हा त्याच ४४ फायली जुळणार आणि त्याच तीन पुसल्या जाणार. तिसऱ्या उत्तरात, फाइल अर्धवट लिहिलेली असताना उचलली गेली असेल असा तर्क होता. आमची युनिटे फाइल आधी ‘.पार्ट’ शेपटी लावून लिहितात आणि पूर्ण झाल्यावरच नाव बदलतात, त्यामुळे अर्धवट फाइल पॅटर्नला जुळतच नाही. हे मी पहिल्याच पत्रात लिहिले होते. पत्र वाचले गेले असते तर एक फेरी वाचली असती.

जाता जाता आणखी दोन गोष्टी. एकही फाइल जुळली नाही तरी जॉब ‘यशस्वी’ म्हणतो. मी मुद्दाम पॅटर्नमध्ये ‘हजेरी’चे ‘हजरी’ करून पाहिले, हिरवी टिकमार्क. आणि आपल्या माहितीपुस्तिकेत वाइल्डकार्ड ‘नेहमीच्या नियमांनी’ चालतात असे एकच वाक्य आहे. नेहमीचे म्हणजे कुठले? विंडोजवर ‘*.*’ म्हटले की एक्स्टेन्शन नसलेल्या फायलीही येतात, लिनक्सच्या शेलमध्ये नावात टिंब असलेल्याच येतात. आपले एजंट (सर्व्हरवर बसवलेले आपल्या सॉफ्टवेअरचे भाग) दोन्हीकडे चालतात, मग नियम कोणाचा हे लिहायला एक पान खर्च करायला हरकत नव्हती.

सध्या मी आपला पुसण्याचा पर्याय बंद केला आहे. जॉब सुरू होण्याआधी माझी एक छोटी स्क्रिप्ट तोपर्यंत आलेल्या फायली वेगळ्या फोल्डरमध्ये हलवते, आपले सॉफ्टवेअर तिथून पाठवते, आणि दोन्हीकडच्या फायलींचे चेकसम (मजकुरावरून काढलेले पडताळणीचे आकडे) जुळल्यावर दुसरी स्क्रिप्ट त्या पुसते. उशिरा आलेली फाइल जुन्या फोल्डरमध्ये सुरक्षित पडून राहते. हे व्यवस्थित चालते. पण ज्या कामासाठी आम्ही परवान्याचे पैसे भरतो, तेच काम मी हाताने लिहून बसलो आहे.

आमची मागणी अशी. पॅटर्न एकदाच जुळवून यादी पक्की करावी आणि पाठवणे, पडताळणे, पुसणे हे सगळे त्याच यादीवर व्हावे. लॉगमध्ये प्रत्येक फाइलचे नाव, आकार आणि निकाल यावा. काहीच जुळले नाही तर यश, इशारा की अपयश, हे ठरवण्याची मुभा ग्राहकाला असावी. ही दुरुस्ती कोणत्या आवृत्तीत आणि केव्हा येणार, ते लेखी कळवावे. तोपर्यंत पुसण्याच्या पर्यायाशेजारी ठळक इशारा टाकावा आणि तो वापरणाऱ्या इतर ग्राहकांनाही कळवावे, कारण त्यांचे लॉगही ‘यशस्वी’च म्हणत असणार.

तीनपैकी दोन फायली युनिटांकडच्या प्रतींवरून मिळाल्या. तिसरी हजेरी सुपरवायझरच्या वहीवरून पुन्हा भरावी लागली. तो खर्च मी मागत नाही. परवान्याच्या नूतनीकरणाचा कागद माझ्या टेबलावर आहे. आपले लेखी उत्तर येईपर्यंत तो सहीसाठी पुढे जाणार नाही.

कळावे,

आपला,
यंत्रणा प्रशासक

सोबत :
सर्व्हरच्या लॉगमधला त्या रात्रीचा २:०० ते २:०७ चा उतारा
आपल्या सॉफ्टवेअरच्या लॉगमधली त्याच जॉबची एक ओळ
सपोर्टची चारही उत्तरे