मुखपृष्ठावर तुझा चेहरा का नाही

प्रिय मित्रा,

तुझं पत्र वाचलं. गाणी तुझी, आवाज तुझा, आणि 'उरलेलं' या तुझ्या पाच गाण्यांच्या संग्रहाच्या मुखपृष्ठावर एक भिंत, हे तुला पटलेलं नाही. फोनवर दोन वाक्यांत सांगून टाकावं असा हा विषय नाही, म्हणून सविस्तर लिहितेय. माध्यम विभागाच्या प्रकल्पासाठी हे काम माझ्याकडे आलं खरं, पण तुझी गाणी नसती तर मी त्यात इतकी गुंतले नसते.

पाचही गाणी मी वही घेऊन ऐकली. निघून गेलेल्या माणसाचं वर्णन तू एकदाही केलेलं नाहीस. त्याचे डोळे, चालणं, हसणं, काहीच नाही. आहेत ते त्याचे कपडे, त्याची खुर्ची, त्याने अर्धवट बंद केलेलं दार. हे तुला सुचलं तेव्हा तू काय विचार केलास मला माहीत नाही, पण ऐकणारा त्या मोकळ्या जागेत आपलं माणूस बसवतो. मुखपृष्ठावर तुझा चेहरा आला की ती जागा भरली. मग ते दुःख तुझं एकट्याचं होतं आणि ऐकणारा बाहेर उभा राहतो.

आता भिंतीबद्दल. कॉलेजची जुनी संगीत खोली रंगवायला काढली म्हणून तिथली तसबीर उतरवली. भोवतीचा हिरवा रंग वर्षानुवर्षं उन्हाने विटलाय आणि तसबिरीखालचा चौकोन मात्र गडद राहिलाय. वर खिळा तसाच आहे. मी दारातच थांबले. तू पाच गाण्यांत जे सांगतोस ते त्या भिंतीवर आधीच उमटलेलं होतं.

आमच्या गटात एकाने सुचवलं, की कोणत्याही भिंतीचा फोटो घे आणि गडद चौकोन संगणकावर कर. मी ऐकलं नाही. ॲलेक्स स्टाइनवाइस माहीत आहे का तुला? १९३९ मध्ये कोलंबिया रेकॉर्ड्समध्ये कला विभाग सांभाळायला गेला तेव्हा तो विशीत होता आणि तबकड्यांचे संच साध्या, एकरंगी वेष्टनात विकले जात. त्यांवर चित्र हवं हा आग्रह त्याचा. १९४० सालच्या पहिल्या मुखपृष्ठासाठी त्याने नाट्यगृहाच्या दर्शनी फलकावरची दिव्यांची अक्षरं बदलून घेतली आणि त्याचा फोटो काढला. मला ही गोष्ट फार आवडते. नाव नंतर चिकटवलेलं नाही, ते कॅमेऱ्यासमोर खरोखर उजळलं होतं. आपला चौकोनही उन्हानेच केलेला हवा. रंगाची विटलेली कड इतकी अनियमित आहे की ती हाताने करायला गेलं तर खोटी दिसेल.

फोटो सकाळीच काढायचा होता. तेव्हा बाजूच्या खिडकीतून ऊन भिंतीला घासून जातं, रंगाचे पोपडे आणि जुने ब्रशचे फराटे उठून दिसतात, खिळ्याची सावली लांब पडते. ऊन वर चढलं की भिंत सपाट होते, बघण्यासारखं काही उरत नाही. तिपाई लावली, कॅमेरा प्रकाशाला किती संवेदनशील ते ठरवणारा आयएसओ १००, प्रकाश आत येण्याचं छिद्र एफ ८, आणि बटण दाबताना धक्का लागू नये म्हणून टायमर. सगळ्यात जास्त वेळ गेला कॅमेरा भिंतीला अगदी समांतर करण्यात. तो जरा जरी कलला तरी चौकोनाच्या बाजू तिरक्या होतात आणि बघणाऱ्याला नकळत खटकतं. सावलीच्या बाजूने थर्माकोलचा पांढरा तुकडा धरून पाहिला, तर सावली मवाळ झाली. तो बाजूला ठेवला. तुझ्या गाण्यांना मवाळ सावली शोभत नाही.

आणखी एक. माझ्या कॅमेऱ्याची चौकट तीनास दोन आहे, मुखपृष्ठ चौरस. ६००० बाय ४००० पिक्सेलच्या फोटोतला एक तृतीयांश भाग कापला जातो. तो कुठून जाणार हे नंतर ठरवायचं नव्हतं, म्हणून कॅमेऱ्याच्या पडद्यावर दोन्ही कडांना काळी चिकटपट्टी लावून चौरसातच पाहत राहिले. अक्षरांची जागाही तेव्हाच सोडली. ब्लू नोट या जॅझ कंपनीच्या तबकड्यांवर मुखपृष्ठकार रीड माइल्सने फ्रान्सिस वुल्फचे फोटो किती निर्दयपणे कापलेत ते बघ. पण कापून उरलेल्या जागेत अक्षरं अशी बसतात, की फोटो त्यांच्यासाठीच काढलाय असं वाटावं.

तू बीटल्सच्या 'ॲबी रोड' या तबकडीचं उदाहरण दिलंस, की तिथे कलाकारच दिसतात. खरंय. ८ ऑगस्ट १९६९ ला इयन मॅकमिलनने रस्त्यात शिडीवर उभं राहून मोजके सहा फोटो काढले आणि त्यातला एक निवडला गेला. पण दर्शनी बाजूला ना वाद्यवृंदाचं नाव आहे ना तबकडीचं. जग त्यांना ओळखत होतं, म्हणून ते चाललं. आपल्याला कोणी ओळखत नाही. आपल्याला नाव लागणारच, आणि ते फोनच्या पडद्यावर नखाएवढं झालं तरी वाचता आलं पाहिजे.

म्हणून 'उरलेलं' हे नाव बोरूने लिहिलंय. शिरोरेषा गडद चौकोनाच्या खालच्या कडेवर बरोबर बसवली. अक्षरं त्या कडेला लोंबतात, आणि एक मात्रा व अनुस्वार वर, गडद भागात शिरतात. हे जमलं तेव्हा मी एकटीच टाळ्या वाजवत होते, शपथ.

छपाईचा नमुना काढून पाहिला. कागद पडद्यासारखा उजळत नाही, गडद हिरवा जवळजवळ काळा आला. सावलीचा भाग थोडा उजळ केलाय. १२ सेंमीच्या चौरसाला इंचाला ३०० ठिपक्यांच्या हिशेबाने साधारण १,४१७ पिक्सेल लागतात, शिवाय कापायला चारी बाजूंनी ३ मिमी जादा. आपल्याकडे त्याहून पुष्कळ आहेत, काळजी नको.

तुझा फोटो आतल्या पानावर येतोय. चेहरा नाही म्हणून कुरकुरू नकोस, हार्मोनियमवरचे हात आहेत आणि ते अप्रतिम आलेत. गाणी ऐकून झाल्यावर कोणी पान उलगडलं, की तू भेटशील.

आता तुझ्याकडून हवंय ते: गाण्यांचा अंतिम क्रम, प्रत्येकाची लांबी, आणि साथीदारांची नावं त्यांनी स्वतः लिहून दिलेली, ऱ्हस्व-दीर्घासकट. मागच्या बाजूची मांडणी त्यावाचून अडली आहे. आणि सोबतचा फोटो पाहून अजूनही भिंत नकोच वाटली, तर तसं स्पष्ट लिही. मी पुन्हा भांडेन, पण लिही.

तुझी मैत्रीण